दुकानची तेरा अंडी

किराणा दुकानातून विकत घेतलेली तेरा अंडी मी एका खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवली. चुकून नाही, समजून उमजून ठेवली. आणि मी पशुविज्ञान घेऊन पदवी मिळवलेला माणूस आहे.

यात काय बिघडलं, असं विचारणारे शहरात पुष्कळ भेटतात, म्हणून सांगून टाकतो. दुकानातलं पांढरं अंडं पिंजऱ्यातल्या कोंबडीचं असतं. त्या कोंबडीनं जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. तसल्या अंड्यावर दुसरी कोंबडी एकवीस दिवस बसली काय आणि एकवीस वर्षं बसली काय, पिल्लू निघत नाही. निघालाच तर वास निघतो. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहून आलो होतो.

तेव्हा मी वाशीमला एका संशोधन प्रकल्पात क्षेत्र सहायक होतो. क्षेत्र सहायक म्हणजे उन्हात पाठवायचा माणूस. आमच्या प्रकल्पाचा विचार मात्र चांगला होता, आजही मला तो चांगला वाटतो. पूर्वी गावोगावच्या बायकांना सुधारित जातीची एक दिवसाची पिल्लं वाटली जात. ती बिचारी आईवाचून वाढलेली; मांजर म्हणजे काय, कावळा म्हणजे काय, हे कळायच्या आत संपत. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या मॅडमचं म्हणणं असं, की पिल्लं देऊच नका, अंडी द्या. कोंबडा लागलेली, उबवणुकीची अंडी. ती गावठी खुडूक कोंबडीखाली बसवा. म्हणजे पिल्लाला जात सुधारित मिळते आणि आई गावठी मिळते. घार आली की पंखाखाली कसं पळायचं, ते आई शिकवते. त्यासाठी प्रशिक्षणवर्ग घ्यावा लागत नाही. आफ्रिकेतल्या कुठल्या कुठल्या गावांतही हेच चाललं आहे, असं मॅडम सांगत. त्यामुळे मोटरसायकलला किक मारताना मला आपण जगाचं काहीतरी करून राहिलो असं वाटे. आहे मी वाशीमचाच, घरी वऱ्हाडीच बोलतो. पण प्रकल्पाची बॅग खांद्याला लागली की माझी भाषा पुण्याला जाऊन येत असे.

केनवडपासून थोडं आत एका गावात प्रकल्पातलं शेवटचं घर होतं. तिथल्या बाईंना मी काकू म्हणायचो. नवरा-बायको दोघं मिळून मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकवायचे आणि केनवडच्या बाजारात बसायचे. भाजीचा पैसा काकांच्या खिशात जायचा, अंड्यांचा काकूंच्या बटव्यात. बटव्यातल्या पैशाला कोणाला विचारायची गरज नसे. मग मानमोडीची साथ आली. त्या रोगात कोंबडी मान वाकडी करते आणि दोन दिवसांत जाते. काकूंच्या घरच्या सगळ्या गेल्या, एक उरली. तांबडी, एका डोळ्यानं माणसाकडे बघणारी. काकूंना तेवढ्या एकीवरून सगळं पुन्हा उभं करायचं होतं.

आमच्या यादीत नाव यावं म्हणून त्या स्वतः बचत गटाच्या बैठकीला येऊन बसल्या होत्या. ज्या घरी आमच्या अंड्यांतून पिल्लं नीट निघतील, त्या घराला जाळीचं खुराडं, मानमोडीची लस आणि पुढं सुधारित जातीचा एक कोंबडा मिळणार होता. आणि पिल्लं तर सगळी घरच्या बाईचीच.

पहिल्या भेटीत मी त्यांच्याकडून भला मोठा फॉर्म भरून घेतला. त्यात एक प्रश्न होता, कोंबडीबाबतचे निर्णय घरात कोण घेतं? पर्याय होते पती, पत्नी, दोघं मिळून.

"कोंबडीच घेते," काकू म्हणाल्या. "तिच्या मनात आलं तं बसते, नाई तं नाई बसत."

"तसं नाही काकू. पती की पत्नी?"

"पती कोन? कोंबडा? तो तं मेला मानमोडीत."

मी 'दोघं मिळून'वर खूण केली.

फॉर्मच्या शेवटी मी एक सूचनाही दिली. कोंबडी खुडूक व्हायच्या बेतात आहे, तेव्हा तिची स्वतःची अंडी तिच्याखाली ठेवू नका, आमची येणार आहेत. काकूंनी ऐकलं. त्या तांबडीची बारा-तेरा अंडी, शेजारच्या कोंबड्याच्या कृपेची, चांगली उबवता आली असती अशी, त्यांनी बाजारात नेऊन विकली. माझ्या सांगण्यावरून.

ठरलेल्या दिवशी अंडी आली. सुंदर भुरकट तपकिरी, एका मापाची. रिठद गावातली घरं मी सकाळीच आटोपली. शेवटच्या घराचा ट्रे मागच्या सीटवर रबरी दोरीनं बांधला आणि केनवडकडे निघालो. एका गावाच्या तोंडाशी गतिरोधक होता. गतिरोधक दिसला की वेग कमी करायचा असतो, ही माहिती मला होती. पण त्या वेळी मी मनातल्या मनात एका सभेत भाषण करत होतो, विषय होता ग्रामीण महिला आणि अन्नसुरक्षा. टाळ्या पडल्या तेव्हाच मागं काहीतरी वाजलं.

उतरून पाहिलं तर सीटवरून बलक ओघळत होता. एकही शाबूत नव्हतं.

आता सरळ रस्ता असा होता, की मॅडमना फोन करायचा, फुटली म्हणून सांगायचं, दुसरी मागवायची. पण फॉर्मात सगळ्या घरांची 'बसवल्याची तारीख' एकच छापलेली. आणि नोकरीला लागून मला जेमतेम तीन महिने झालेले. समोर किराणा दुकान दिसलं. दुकानदारानं थंड पेयांच्या बाटल्यांमागून तेरा अंडी काढून दिली. माझा बेत असा, की आज ही बसवू, कोंबडीची बैठक मोडायची नाही. दोन-तीन दिवसांत खरी अंडी आली की गुपचूप अदलाबदल करू. कोंबडीला मोजता येत नाही, हा माझ्या योजनेचा पाया होता. काकूंना बघता येतं, याचा मी विचार केला नाही.

काकूंनी टोपलं तयार ठेवलं होतं. तळाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि वीज कडाडली तर अंड्याला धक्का बसू नये म्हणून कोपऱ्यात लोखंडी खिळा. मी ट्रे पुढं केला.

"हे तं पांढरे फेक हायेत," काकू म्हणाल्या. "मागं मोबाइलात दाखवले ते भुरे होते."

"जात सुधारली काकू. आता पांढरी येतात."

"आठ दिवसांत सुधारली?"

"संशोधन चालूच असतं."

त्यांनी एक अंडं उचलून गालाला लावलं. "थंड हाय."

"वातानुकूलित गाडीतून आली."

"बरं," काकू म्हणाल्या. मग माझ्या पँटकडे पाहिलं. मागच्या बाजूला बलक वाळलेला होता, हे मला संध्याकाळी घरी कळलं. त्यांनी चुलीतला कोळसा घेऊन प्रत्येक अंड्यावर एक रेघ ओढली. शेजारच्या कोंबड्या येऊन आपलं अंडं घालून जातात, तेव्हा आपलं कोणतं ते कळावं म्हणून. तांबडी टोपल्यात उतरली, पोट हलवून अंडी नीट केली आणि बसली. मी फॉर्मात छापलेल्या तारखेपुढं खूण केली.

दुसऱ्या दिवशी उबवणी केंद्राला फोन केला. नवीन अंडी दहा दिवसांनी मिळतील म्हणाले. दहा दिवसांनी अदलाबदल केली असती तर पिल्लं एकतिसाव्या दिवशी निघाली असती आणि एवढा हिशेब काकूच काय, तांबडीलासुद्धा कळला असता. तेव्हा मी बेत बदलला. एकवीस दिवस जाऊ द्यायचे आणि मग दोष कोंबडीवर टाकायचा. कोंबडी नीट बसली नाही, ऊब कमी पडली, असं लिहायचं. कोंबडी काही मॅडमकडे तक्रार घेऊन येणार नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मला ते व्यवस्थापन वाटलं.

तरी मन खात होतं म्हणून तिसऱ्या दिवशी चक्कर मारली. काकूंनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकर आणि अंड्यांचा रस्सा. माझ्या ताटात तीन अंडी वाढली. समोर काका जेवत होते, खाली मान घालून, आणि त्यांचे खांदे हलत होते. रस्सा तिखट होता, ठसका लागला असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

"काकू," मी म्हणालो, "गावठी अंड्याची चव ती चव. दुकानच्या अंड्याला ही सर नाही."

"नाई, त्याले कुठची सर येते," काकू म्हणाल्या. "घ्या आनखी एक."

काका उठून बाहेर गेले.

घरात एकच कोंबडी, तीही अंड्यावर बसलेली, मग ताटातली अंडी आली कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण तो फॉर्ममध्ये नव्हता.

सातव्या दिवशी अंडी उजेडावर धरून बघायची असतात. अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावला की जिवंत अंड्यात तांबड्या शिरा दिसतात, वांझ अंडं नुसतं कंदिलाच्या काचेसारखं लखलखतं. हे प्रात्यक्षिक बचत गटाच्या बायकांसमोर करायचं, असं कार्यक्रमपत्रिकेत मीच लिहून ठेवलं होतं, अंडी फुटायच्या आधी. पाच-सहा बायका जमल्या. खिडकीला पोतं लावलं, दार ओढून घेतलं. माझं ठरलं होतं, की एकच अंडं घाईघाईनं दाखवायचं, 'अजून लवकर आहे, नीट कळत नाही' म्हणायचं आणि बायकांना अंडी टिकवणाऱ्या चुन्याच्या निवळीचं महत्त्व सांगत बाहेर काढायचं.

पहिलं अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा. मधोमध एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता.

मोबाइल हातातून पडला.

"काय झालं भाऊ?" अंधारातून काकूंचा आवाज आला. "जीव नाई का त्याच्यात?"

"आहे."

"मंग तुमचं तोंड काहून असं झालं?"

समोरच्या घरातली बाई म्हणाली, "अंड्यात जीव आला अन् सायबाचा गेला." सगळ्या हसल्या.

मी तेराच्या तेरा अंडी पाहिली. अकरांत जीव होता. दोनदा पाहिली, तरी अकरांतच. अंडी मला जरा लहान वाटली आणि रंगानं पिवळसरही. पण प्रत्येकावर कोळशाची रेघ होती आणि रेघेवर माझा विश्वास होता. मी वहीत टिपलं, 'उबेमुळे कवचाचा रंग पालटतो. पाणी उडाल्यामुळे आकारही कमी होत असावा.' ती वही अजून माझ्याकडे आहे. घरात कोणाला दाखवत नाही.

इथून पुढचे दोन आठवडे मी जमिनीवर नव्हतो. कॉलेजात कधीतरी वाचलेलं आठवलं, की टर्कीसारख्या पक्ष्यांत क्वचित कोंबड्याशिवायही अंड्यात जीव धरतो. क्वचित. तेरातली अकरा म्हणजे क्वचित नव्हे, हे गणित मला येत होतं. पण ते मी असं मांडलं, की म्हणूनच हा शोध मोठा आहे. काय कारण असेल? वऱ्हाडी कोंबडीच्या अंगची ऊब? सोयाबीनचं कुटार? मी कुटाराचा नमुना पिशवीत भरून घेतला. खिळ्याचीसुद्धा लांबी मोजली. रात्री पडल्या पडल्या शोधनिबंधाचं शीर्षक जुळवायचो, त्यात माझं नाव पहिलं यायचं, मॅडमचं दुसरं. परदेशी जायचं विमान, खिडकीजवळची जागा, इथवर गोष्टी गेल्या होत्या.

शास्त्राला खातरजमा लागते, म्हणून मी त्या किराणा दुकानात गेलो.

"ही अंडी येतात कुठून?"

"गाडीतून," दुकानदार म्हणाला.

"गाडी कुठून येते?"

"वाशीमून."

"तिथं पिंजऱ्याजवळ कोंबडे असतात का? एखादा सुटलेला?"

दुकानदारानं वजनकाट्यावरची साखर तशीच ठेवली. "भाऊ, तुमाले अंडं पाह्यजे का कोंबडा?"

"माहिती पाहिजे."

"ते आमी ठेवत नाई."

मग मी मॅडमना मेल केला, विषय 'एक असामान्य निरीक्षण'. फार फोड केली नाही. शोध दुसऱ्यानं पळवू नये म्हणून. शेवटच्या घरी पिल्लं निघायच्या दिवशी आपण स्वतः यावं, एवढंच लिहिलं. मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं, येते म्हणून.

त्या दिवशी काकूंनी अंगण सारवून घेतलं होतं, काकांनी धुतलेला सदरा घातला होता. मॅडम जीपमधून उतरल्या तशा काकू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, यादीतलं नाव तं राह्यते ना माहं? खुराडं अन् कोंबडा द्याची गोष्ट पक्की हाय ना?"

"काकू, खुराडं काय घेऊन बसलात," मी म्हणालो. "तुमचं घर जगाच्या नकाशावर येणार आहे."

त्यांना ते आवडलं नाही. नकाशाचा त्यांना काही उपयोग नव्हता.

टोपल्यातून चिवचिव ऐकू येत होती. काकूंनी तांबडीला दोन्ही पंख धरून उचललं. खाली दहा पिल्लं. दोन कोळशासारखी काळी, तीन ठिपक्यांची, चार मातकट आणि एक मानउघडी, म्हणजे मानेवर पीसच नाही, टोपी घालून विसरल्यासारखी.

मॅडम वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या जातीचं पिल्लू एकरंगी असतं. यात मानउघडी कुठून आली?"

हाच तो क्षण म्हणून मी घसा साफ केला. "मॅडम, ही आपल्या अंड्यांची पिल्लं नाहीतच. आपली अंडी गतिरोधकावर फुटली. ही दुकानातल्या अंड्यांची आहेत. पिंजऱ्यातल्या कोंबडीची. कोंबड्याशिवाय."

जगात पुष्कळ लोक पकडले जातात, पुष्कळ लोक पश्चात्तापानं कबूल करतात. आपला गुन्हा पुरस्कारासाठी सादर करणारा मीच असेन.

मॅडमना काही बोलता यायच्या आधी समोरच्या घरातली बाई आली. हातात वाटी, वाटीत मागच्या होळीचा उरलेला गुलाबी रंग. "झाले का पाहून तुमचे?" ती म्हणाली. "मले निशान्या करू द्या. अन् आदीच सांगून ठेवते, मानउघडी माही. माह्या कोंबड्याचं तोंड घेऊन आली ते."

"तुमच्या कोंबड्याचं?" मॅडमनी विचारलं.

"मंग? अंडे कोनाचे होते?"

काकूंनी पदर सारखा केला. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे, आणि मी, दुसरं काही सुचेना म्हणून, खिळ्याकडे.

मग काकूंनी सांगितलं. आवाज खालीच होता. आमच्याकडची जुनी रीत आहे, एकीची कोंबडी खुडूक असते, दुसरीकडे अंडी असतात. अंडी आणून कोंबडीखाली बसवायची, पिल्लं अर्धी अंडीवालीची, अर्धी कोंबडीवालीची. निघाल्या दिवशीच निशाणी करायची, म्हणजे पुढं कोणतं मेलं, कोणतं मांजरीनं नेलं, यावर भांडण नको. सांभाळ सगळ्यांचा कोंबडीवालीनं करायचा. आईला सोडून फिरायला लागली की दुसरीनं आपली न्यायची. मी त्या दिवशी फाटकाबाहेर पडलो, तशा काकू समोरच्या घरी गेल्या होत्या. तिच्या कोंबड्या साथीत शेतातल्या कोठ्यावर, म्हणजे गोठ्यात, होत्या म्हणून वाचल्या होत्या. तेरा अंडी आणली, कोळशाची रेघ ओढली, बसवली.

"पण ताई, त्याच दिवशी मला फोन का नाही केला?" मॅडम म्हणाल्या.

"केला असता तं तुमी माहं नाव कापलं असतं. तिकडून या भाऊची नोकरी गेली असती. नवं मानूस, तोंड पाहून दया आली. अन् कोंबडी तं बसली होती ना. तिले काय सांगू, थांब बाई, सायबाचं अंडं यायचं हाय? माहे स्वताचे अंडे यायनंच बाजारात इकाले लावले."

"आणि दुकानातली अंडी?"

"खाल्ले," काकू म्हणाल्या. "चार तं यायनंच खाल्ले. लय आवडले यायले."

काका पुन्हा बाहेर गेले.

पुढं जे झालं ते बघताना मला खिडकीजवळच्या जागेची आठवण झाली नाही. काकूंनी पिल्लांचे दोन भाग केले, पाच आणि पाच. रीत अशी, की एकीनं भाग पाडायचे, दुसरीनं आधी उचलायचं. मानउघडी कोणत्या भागात टाकायची म्हणून त्यांचा हात थोडा थांबला. उघड्या मानेची कोंबडी उन्हाळा चांगला काढते, तिला गिऱ्हाईकही लवकर मिळतं. समोरच्या बाईनं अर्थात तोच भाग घेतला आणि पाच डोक्यांवर एकेक गुलाबी बोट टेकवलं. माझा ट्रे शाबूत पोचला असता तर त्या बोटाची गरज पडली नसती, दहाच्या दहा काकूंची असती. उन्हाळा तोंडावर आलेला. उन्हाच्या तापात अंडी नासतात, तेव्हा आता पावसाळ्यापर्यंत ती बसवण्यात अर्थ नव्हता. काकूंनी तांबडीला परत टोपल्यात सोडलं, तिनं गुलाबी डोकी आणि साधी डोकी सारखीच पोटाखाली ओढून घेतली.

मॅडमनी पुढचा तासभर खाटेवर बसून दोघींना अर्ध्या वाट्याबद्दल विचारलं. पिल्लू मेलं तर कोणाचं? एकाच बाईची कोंबडी दोघींच्या अंड्यांवर बसते का? सासू-सुनेतही वाटा पडतो का? दोघी एकमेकींच्या तोंडातलं काढून घेत सांगत होत्या. मी लिहून घेत होतो. मध्येच मॅडम मला म्हणाल्या, "आपल्या फॉर्मात कोंबडी कोणाची, हे पाच ठिकाणी विचारलंय. कोंबडी एकीची आणि पिल्लं दोघींची असू शकतात, हे आपल्यातल्या एकालाही माहीत नव्हतं?"

मला माहीत होतं. माझी आजी हेच करायची. बॅग खांद्याला लागल्यापासून आठवलं नव्हतं. मी मॅडमना तसं सांगितलं आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मग काकूंनी विचारायचं ते विचारलं. "नाव कापता का मॅडम?"

मी तेव्हा एकच शहाणी गोष्ट केली. म्हणालो, मॅडम, यात काकूंची चूक काहीच नाही. अंडी मी फोडली, खोटी मी बसवली, त्यांची स्वतःची अंडी मीच विकायला लावली. अहवालात तसंच लिहा.

"तुमचं तर लिहावंच लागेल," मॅडम म्हणाल्या.

घराचं नाव कापलं नाही, पण वेगळ्या रकान्यात गेलं. गावठी अंडी, गावठी कोंबडी, तुलनेसाठी. लस दोघींच्या सगळ्या कोंबड्यांना मिळाली, डोळ्यात थेंब टाकायची, त्याच दिवशी. खुराडं पुढच्या महिन्यात आलं. कोंबडा मात्र नाही. तो सुधारित अंड्यांतून पिल्लं निघाल्याशिवाय देता येत नव्हता, आणि त्यासाठी तांबडी पुन्हा खुडूक व्हायला हवी होती. म्हणजे बटवा भरायला काकूंचा आणखी एक हंगाम गेला, माझ्या एका भाषणापायी.

जीपमध्ये बसता बसता मॅडम काकूंना म्हणाल्या, "ताई, पावसाळा लागला की तुमच्यासाठी नवीन अंडी पाठवते. बसवाल ना पुन्हा? की आता भरवसा उरला नाही?"

"पाठवा ना," काकू म्हणाल्या. "अंड्याले माही ना नाई." मी मागं ट्रे आणि वही सांभाळत उभा होतो. काकूंनी माझ्याकडे बोट केलं, जसं भाजीतलं किडकं वांगं बाजूला करतात तसं.

"आनाले फक्त मानूस दुसरा पाठवा."